डोक्याची गोळी, पोटाची गोळी

दादांना उचकी लागली ती आईला मारता मारता. कारण नेहमीचंच, चहात साखर नव्हती. दोन वर्षांपूर्वी दादांच्या लघवीला मुंग्या लागल्या, मधुमेह निघाला, आणि तेव्हापासून आमच्या घरातला चहा बिनसाखरेचा झाला. तेव्हापासून दर दोन-चार दिवसांनी एक कप भिंतीवर फुटायचा. त्या संध्याकाळी कप फुटला, दादांनी आईचे केस धरले आणि तिच्या माहेरचा उद्धार करायला तोंड उघडलं, तर शिवी मधेच तुटली. हिक्. पुन्हा सुरू केली, पुन्हा हिक्. मला हसू आलं. मी हसले म्हणून त्यांनी आईचे केस सोडून मला हाणली. हाणतानाही उचकी आली, त्यामुळे हात गालावर पडायच्या ऐवजी कानावर पडला. तो कान पुढे बरेच दिवस वाजत होता.

बापाला अहो-जाहो करायची आमच्याकडे रीत. म्हणून दादा मारायचे, दादा शिव्या द्यायचे, दादांनी लाथ घातली, सगळं आदरानं. आणीबाणी उठून वर्ष होत आलं असेल. आम्ही आकुर्डीच्या अलीकडे पत्र्याच्या चाळीत राहायचो. दादा मूळचे चाकणकडच्या गावातले, तरुणपणी तालमीत घुमलेले, कंपन्या आल्या तेव्हा एका कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर लागले. तालीम सुटली, खुराक सुटला नाही, आणि राग तर मुळीच सुटला नाही. मी बावीस वर्षांची होते आणि औषधांच्या कंपनीत भरलेल्या बाटल्या उजेडापुढे धरून आत कचरा तरंगतो का ते बघायचं काम करायचे. माझ्या वयाच्या मुलींच्या कडेवर पोरं होती. मला बघायला आलेल्या पहिल्याच माणसांना दादांनी भरल्या ताटावरून उठवून बाहेर काढलं होतं, कारण मुलाच्या मामाने त्यांच्या कुस्तीची थट्टा केली. त्यानंतर कुणी फिरकलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्याचं काही वाईट वाटलं नाही. नवरा नावाच्या माणसाचा एक नमुना मी रोज बघत होते.

असल्या माणसाला एकाच गोष्टीची भीती वाटायची, आणि ती म्हणजे सुई. रोज सकाळी आई काचेची सिरिंज आणि सुई छोट्या पातेल्यात उकळायची. चाळीत कुणाकडेच फ्रिज नव्हता, म्हणून इन्सुलिनची बाटली डबीत घालून माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवलेली असायची. दादा पाटावर बसून मांडी उघडी करायचे आणि तोंड भिंतीकडे फिरवायचे. एकदा दवाखान्यातल्या कंपाउंडरने टोचायला घेतलं तर त्याच्या थोबाडीत बसली. माझ्याकडून टोचून घेईनात. आईचाच हात लागायचा. "आगं, हळू," एवढंच म्हणायचे, आणि दिवसभरात आईशी हळू आवाजात बोलायची त्यांची ती एवढीच वेळ. मग आई कापसाने मांडी चोळायची आणि काचेची नळी घेऊन बसायची. नळीतल्या निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून ती स्पिरिटच्या दिव्यावर उकळायची. निळं राहिलं तर उत्तम, हिरवं झालं तरी चालेल, पिवळं-नारिंगी झालं की आई गप्प व्हायची. विटकरी झालं म्हणजे साखर फार चढली. शाळेत न गेलेल्या माझ्या आईला वाचता येणारी गोष्ट तेवढी एकच होती.

उचकी दुसऱ्या दिवशी थांबेल असं वाटलं होतं. थांबली नाही. जेवताना चालू, बोलताना चालू, झोपेतसुद्धा चालू. पत्र्याच्या भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडाने पहिल्यांदा चेष्टा केली, मग भिंतीवर थापा मारल्या, मग दादांनी त्यांच्या दारावर लाथ घातल्यावर तेही थांबले. दादा तशातच शिफ्टला गेले. प्रेसवर हाताने पत्रा आत सरकवायचा, हात काढायचा आणि पायाने पॅडल दाबायचं. उचकीला माणसाचं अख्खं अंग हलतं, त्यात पायही आला. उचकी आली, पाय पडला, आणि हात बाहेर येता येता दोन बोटांची नखं मुळासकट गेली. सुपरवायझर म्हणाला घरी जा. घरी जा म्हटल्याबद्दल दादांनी रक्ताळलेल्या हाताने त्याची कॉलर धरली आणि त्याचं डोकं मशीनच्या खांबावर आपटलं. दोघांना सोडवायला अख्खी लाइन बंद पडली. दुसऱ्या दिवसापासून दादा घरी, आणि घरी म्हणजे आमच्या वाट्याला.

गावी निरोप गेला तशी आत्या आली. आत्या म्हणजे दादांची थोरली बहीण, जिच्यापुढे ते मान वर करत नसत. येताना मुलाला घेऊन आली होती, दादांइतकाच आडदांड. आत्याने घरात पाऊल ठेवलं, भावाच्या दोन उचक्या ऐकल्या आणि म्हणाली, "साखर आण."

आई म्हणाली, "वन्सं, त्येन्ला साखर चालत न्हाई."

"खायाला चालत न्हाई. ह्यी औषदाची साखर हाय. उचकीला साखरंसारखं दुसरं औषद न्हाई."

"साखर ती साखरच की."

"तू एकादशी करती न्हवं? एकादशीला डोकं दुखलं आन् गोळी खाल्ली तर उपास मोडतो व्हय? न्हाई मोडत. औषद म्हणून घेतलेलं बाधत नसतं."

आमच्या सगळ्या गणगोतात हे असंच चालायचं. प्रसादाचा पेढा चालतो, कारण तो प्रसाद. सत्यनारायणाचा शिरा चालतो. औषधाची साखर मग का नाही चालणार? दादांना तर दोन वर्षांनी पहिल्यांदा कुणीतरी हक्काने साखर देत होतं. आत्याने चिमूटभर कोरडी साखर जिभेवर ठेवली आणि ती विरघळेपर्यंत दादांनी डोळे मिटले. इतका समाधानी चेहरा मी त्यांचा कधी बघितला नव्हता. मग उचकी आली. मग पुन्हा चिमूट, मग चमचा, मग डबाच मांडीवर. आईने डबा ओढायला हात घातला तर दादांनी डब्याच्या झाकणाने तिच्या कपाळावर मारलं. कपाळ फुटलं, साखर सांडली, आणि आई एका हाताने रक्त पुसत दुसऱ्या हाताने जमिनीवरची साखर गोळा करायला लागली, नाहीतर ती दादांनी उचलून खाल्ली असती. मला त्या वेळी आत्याचा गळा दाबावासा वाटला होता.

साखरेने जमेना तेव्हा आत्याने दुसरा उपाय काढला. उचकी लागलेल्या माणसाला दचकवायचं. दादांना दचकवणं म्हणजे झोपलेल्या रेड्याला काठी घालणं, पण आत्याचा मुलगा तयार झाला. दाराआड उभा राहिला आणि दादा पाण्याचा तांब्या तोंडाला लावताना पाठीमागून येऊन ओरडत त्याने दोन्ही मुठी खांद्यांच्या मधोमध घातल्या. तांब्या दादांच्या ओठावर बसला आणि ओठ फाटला. दादा वळले, हाताला पाट लागला, तो त्यांनी भाच्याच्या तोंडावर घातला. दोन दात बाहेर आले. एक आमच्या स्टोव्हखाली सापडला, दुसरा सापडलाच नाही. आत्या मुलाच्या तोंडाला पदर लावून बसली होती आणि तशातच भावाकडे बघून विचारती झाली, "पर थांबली का?"

दादांनी उत्तरादाखल उचकी दिली.

शेवटचा उपाय नावांचा. उचकी लागते म्हणजे कुणीतरी आठवण काढत असतं, हे कुणालाही सांगायला नको. एकेकाचं नाव घेऊन पाण्याचा घोट घ्यायचा. ज्याच्या नावाला उचकी थांबली, तो आठवण काढत होता. आत्याने गावापासून सुरुवात केली. भाऊबंद, चुलते, तालमीतले जोडीदार, मेलेलेसुद्धा. दादा प्रत्येक नावाला घोट घ्यायचे आणि उचकी आली की त्या माणसाला शिवी घालायचे. त्यांनी कधी ना कधी मारलं नव्हतं अशी त्या यादीत फार कमी माणसं होती, तेव्हा आठवण सगळ्यांनीच काढायला हवी होती. सुपरवायझरचं नाव झालं, माझं झालं. आईचं नाव कुणी घेतलं नाही. समोर बसून भाकऱ्या थापणारी बाई आणखी आठवण कसली काढणार?

त्या दुपारी आईने नळी तापवली. निळं औषध हिरवं नाही, पिवळं नाही, सरळ विटकरी झालं. संध्याकाळपासून दादांना उलट्या सुरू झाल्या, श्वास खोल आणि जोरात चालायला लागला. डोळे उघडे होते पण ओळख पटत नव्हती. चाळीतल्या लोकांनी त्यांना टेम्पोत घातलं. घालताना त्यांनी एकाच्या दंडाला चावा घेतला.

कामगारांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई ठेंगण्या होत्या आणि तोंडाने फटकळ. मला त्या पहिल्या क्षणापासून आवडल्या. त्यांनी विचारलं, पोटात काय आहे? आत्या मोठ्या तोऱ्यात म्हणाली, "काय न्हाई, नुसती साखर. औषद म्हणून दिली."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "औषध म्हणून आली की पाहुणी म्हणून आली, शरीराला काय कळतं? साखर साखरच असते. आज रात्री हा माणूस गेला असता तर तुमच्या हातून गेला असता." आत्याला तिच्या आयुष्यात इतकं कुणी बोललं नसेल. ती व्हरांड्यात जाऊन बसली आणि दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या एसटीने मुलाला घेऊन गावी गेली.

सलाइन आणि इन्सुलिनवर दादांची साखर उतरली. ओळख पटायला लागली. डॉक्टरीणबाईंना वाटलं होतं साखर उतरली की उचकीही जाईल. ती जाईना. मूत्रपिंड तपासलं, ते बरं निघालं. मग त्यांनी आईला आणि मला बसवून सगळं समजावून सांगितलं. मधुमेहाने पोटाच्या नसा सुस्त होतात, खाल्लेलं अन्न पुढे सरकत नाही, पोट तटतटून वरच्या पडद्याला ढोसतं आणि उचकी लागते. साखर चढली की हे आणखी बिघडतं. उपाय दोन. एक गोळी अशी की ती मेंदूवर चालते, क्लोरप्रोमाझिन. उचकीला तिच्याइतकी जालीम दुसरी नाही. पण गुंगी येते, उभं राहिल्यावर रक्तदाब पडतो, साखर वाढू शकते, म्हणून मधुमेह्याला थोडेच दिवस द्यायची. दुसरी मेटोक्लोप्रमाइड. ती पोटाला चालना देते, जेवणाआधी घ्यायची, सावकाश काम करते. "आधी पहिली देऊ," त्या म्हणाल्या. "या धक्क्यांनी त्यांना ना जेवता येतंय ना झोपता. माणूस थकून मरेल." आमच्या घरात त्या दोघींना डोक्याची गोळी आणि पोटाची गोळी अशीच नावं पडली.

शेजारच्या खाटेवरच्या एका शहाण्याने दादांना सांगितलं की ही येरवड्याची गोळी, वेड्यांना देतात ती. झालं. दादांनी सलाइनची सुई उपसून काढली. बाटलीचा स्टँड दोन्ही हातांनी धरून खाटेवर उभे राहिले. "मला येडा ठरवता व्हय?" प्रत्येक शब्दानंतर उचकी. वॉर्डबॉय पुढे गेला तर स्टँड त्याच्या खांद्यावर बसला. दुसऱ्याचा गळा दादांनी काखेत दाबला, आणि तो निळा पडायला लागला तेव्हा आजूबाजूचे पेशंट खाटांखाली शिरले. शेवटी चार माणसं अंगावर पडली. एक पायांवर बसला, एक छातीवर, आणि डॉक्टरीणबाईंनी गुडघ्याने त्यांची मांडी दाबून त्याच औषधाचं इंजेक्शन दिलं. सुई बघून दादा ओरडले. त्यांनी आईला हाक मारली. "आगं, ये की, तू दे." आई भिंतीला टेकून उभी होती, कपाळाची जखम अजून ओली होती, आणि ती जागची हलली नाही.

काही वेळाने उचकी थांबली. इतके दिवस कानांना त्या आवाजाची सवय झाली होती, त्यामुळे वॉर्डात एकदम रिकामं वाटलं.

दादा घरी आले ते डोक्याची गोळी घेऊनच. ते दिवस मी कधी विसरणार नाही. दादा दारात पाटावर बसून असायचे. आई पुढ्यात चहा ठेवायची, ते प्यायचे. साखर नाही हे त्यांच्या ध्यानात येत असावं, पण त्याबद्दल रागवायला लागतं तेवढं त्यांच्यात उरलं नव्हतं. जीभ जड झाली होती. शेजारच्या बिऱ्हाडातला पोरगा त्यांच्या पायांवरून उडी मारून गेला तरी नुसतं बघत राहिले. एकदा आई भाकरी वाढत होती तर म्हणाले, "तू बी बस." आईला पहिल्यांदा वाटलं दुसऱ्या कुणाला म्हणतायत. मग ती बसली, आणि नवऱ्यासमोर ताट घेऊन जेवताना मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. त्याच आठवड्यात दारावर कासार आला. आई लग्नानंतर पहिली काही वर्षं सोडली तर हात भरून काचेच्या बांगड्या घालत नसे, सौभाग्यापुरती एकेक असायची आणि तीही वरच्यावर फुटायची. त्या दिवशी तिने दोन्ही हात भरून हिरव्या बांगड्या भरल्या. कामं करताना त्या वाजायच्या. मला तो आवाज ऐकून रडू यायचं, आणि ते आनंदाचं होतं हे मी कबूल करते. बाप जिवंतपणी अर्धा मेला होता आणि मी खूश होते.

पण नळी ऐकेना. साखरेचा कणसुद्धा पोटात नसताना औषध नारिंगी व्हायला लागलं आणि मग एका सकाळी विटकरी. त्याच सकाळी दादा संडासाच्या रांगेत उभे असताना चक्कर येऊन पडले. डोकं नळाच्या कट्ट्यावर आपटलं, भुवईपासून कानापर्यंत चीर गेली. पाण्याला आलेल्या बायकांच्या कळशांत रक्त उडालं. आम्ही परत डॉक्टरीणबाईंकडे.

त्यांनी टाके घातले आणि सांगितलं की डोक्याची गोळी बंद, आता पोटाची सुरू करू. आई म्हणाली, "बाई, हीच चालू ठिवली तर?"

"कशासाठी? उचकी तर थांबली आहे."

बोलायला मला कुणी सांगितलं नव्हतं, तरी मी बोलले. "ही गोळी घेतात तेव्हा ते आईला मारत नाहीत."

डॉक्टरीणबाईंनी आईच्या कपाळाकडे बघितलं, मग बांगड्यांकडे. त्यांचा आवाज उतरला. "मला कळतंय. पण ही चालू ठेवली तर साखर चढत जाईल. आज कट्ट्यावर पडले, उद्या रस्त्यात पडतील, आणि परवा उठणार नाहीत. मारकुट्या नवऱ्यावरचं औषध म्हणून ही गोळी मला लिहून देता येत नाही."

उरलेल्या गोळ्या आईच्या कनवटीला होत्या. बसच्या थांब्यावर दादा गुंगीत पेंगत होते, तिथेच मी तिच्याशी भांडले. म्हटलं, आहेत तेवढ्या तर दे. संपल्या की मी आणते, माझ्या ओळखीचे केमिस्ट आहेत. मेले तर मेले. आजवर तू किती वेळा मरता मरता वाचलीस ते सांग. रस्त्याने माणसं जात होती, मला कुणाची लाज वाटत नव्हती. आई सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "त्ये मारत्यात म्हून म्या बी मारू?"

"तू मारत नाहीयेस. गोळी देतीयेस."

"तुजी आत्या बी साखर न्हवती देत. औषद देत व्हती."

आई परत दवाखान्यात गेली आणि गोळ्या डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवून आली.

घरी आल्यावर तिने दादांना स्पष्ट सांगितलं. ते दारात बसले होते, डोक्याला पट्टी, डोळे अर्धे मिटलेले. "ऐका. आजपास्नं ती गोळी बंद. तुमचा जीव वाचावा म्हून बंद. आता तुमचा हात परत उठल. उठला तर आठवण ठिवा, म्या गोळी बंद केली हाय." दादांनी मान हलवली. त्यांना किती कळलं देव जाणे.

पोटाची गोळी जेवणाआधी अर्धा तास. जेवण थोडं थोडं, पण चार वेळा. मधे मधे उचकी यायची, दहा-बारा येऊन थांबायची, मग तेवढीही येईना. नळी हिरवा रंग दाखवू लागली. दादांची जीभ हलकी झाली, नजर वर आली. शेजारच्या पोराला त्यांनी पहिली शिवी घातली तेव्हा आईने माझ्याकडे बघितलं आणि परत कणीक मळायला लागली. मी मात्र ओट्यावरचा बत्ता उचलून माझ्या अंथरुणाशी नेऊन ठेवला.

बत्ता कामाला आला. रविवारी सकाळी चहा झाला. "साखर घाल." आई म्हणाली, न्हाई. "औषद म्हून घाल थोडी, उचकी येतीया." उचकी येत नव्हती. आईने साखरेचा डबा काखेत धरला आणि परत म्हणाली, न्हाई. दादांनी तिचा उजवा हात मनगटाशी धरला आणि तालमीत पिळतात तसा पिळला. आधी बांगड्या फुटल्या, काचा तिच्या कातड्यात शिरल्या, आणि मग हाडाचा आवाज आला. आई खाली बसली. डबा तिने सोडला नव्हता. मी बत्ता घेतला आणि दादांच्या खांद्यावर घातला, मग पाठीवर, मग ते खाली वाकले तेव्हा परत पाठीवर. घालताना मी ओरडत होते असं शेजारी सांगतात, मला आठवत नाही. मला एवढंच आठवतं की हाताला फार बरं वाटत होतं. शेजारच्यांनी येऊन मला धरलं नसतं तर मी थांबले नसते.

आईच्या हाताला प्लास्टर घातलं, कोपरापर्यंत. मी आईला घेऊन चिंचवडला खोली बघायचं ठरवून टाकलं होतं, पण ती म्हणाली, आदी सकाळ होऊ दे.

सकाळ झाली. दादा पाटावर येऊन बसले. अंग ठणकत असणार, पाठ वाकत नव्हती. नेहमीसारखी मांडी उघडी केली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. बराच वेळ काही झालं नाही तेव्हा त्यांनी वळून बघितलं. आई समोरच्या भिंतीला टेकून बसली होती, प्लास्टरचा हात मांडीवर. पातेल्यातलं पाणी उकळत होतं. सिरिंज त्यात खडखडत होती.

दादांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मी देणार नाही."

मग आईकडे. "आगं."

"माजा हात मोडलाय," आई म्हणाली. "तुमचा हाय धडका. त्यानंच मोडला, त्यानंच टोचा."

मला वाटलं आता उठतील आणि पातेलं तिच्या अंगावर टाकतील. मी बत्त्याकडे सरकले. दादा उठले नाहीत. त्यांनी स्टोव्ह बंद केला. आईने बसल्या जागेवरून सांगितलं, पाणी वतून टाका, सुई बोटानं धरू नगा, वाळूतनं बाटली काढा, हलक्या हातानं फिरवा. त्यांनी एकेक केलं. नखं गेलेली दोन बोटं अजून नीट वळत नव्हती. औषध सिरिंजमध्ये यायला फार वेळ लागला. मग सुई मांडीवर आणली. इतक्या माणसांचे दात पाडणारा तो हात सुतभर सुई आत घालेना. कपाळाचा घाम टाक्यांवरून गळत होता. आणि तेवढ्यात भीतीनेच म्हणा, उचकी आली. सुई मांडीवर ओरखडा काढून गेली, रक्ताची रेघ उठली. पुन्हा टेकवली, पुन्हा उचकी.

दादांनी सिरिंज वर धरली, डोळे मिटले आणि आईचं नाव घेतलं. आमच्यात नवरा बायकोचं नाव घेत नाही. तिचं नाव त्यांच्या तोंडून मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. मग त्यांनी डोळे उघडले आणि उचकी थांबते का त्याची वाट बघत तिच्याकडे बघत राहिले.

पुन्हा उचकी आली.

"म्या न्हाई काढत तुमची आठवण," आई म्हणाली. "टोचा."